शालेय संमेलनातील ध्वनियोजना
गाणाऱ्या मुलास स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून रंगमंचावरील स्पीकर कसा निवडावा

हुरड्याचे दिवस आले की सोलापूर जिल्ह्यातील गावोगावच्या प्राथमिक शाळांत स्नेहसंमेलनाची लगबग सुरू होते. शाळेच्या ओसरीवर, ध्वजाच्या चौथऱ्यालगत, अगर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर फळ्या टाकून रंगमंच उभा राहतो. महिनाभर मुलांनी स्वागतगीत, समूहगीत, पोवाडा व भजन यांची तालीम केलेली असते. वर्गात गीत उत्तम बसलेले असते. परंतु कार्यक्रमाच्या रात्री तीच मुले बेसूर होतात, ताल सोडतात, कित्येकदा मध्येच थांबतात. ‘मुले बावरली’ असे पालक म्हणतात आणि शिक्षकही तसेच मानतात. बावरण्याचा भाग त्यात असतोच. तथापि पुष्कळ वेळा खरे कारण निराळे असते. मुलास स्वतःचा आवाज व साथीची पेटी ऐकूच येत नसते.

या गोष्टीचा परिणाम त्या एका रात्रीपुरता राहत नाही. पाचवीतील मुलगी गावासमोर प्रथमच एकटी गाण्यास उभी राहते, दुसऱ्या ओळीला तिचा सूर सुटतो, पुढील रांगेत हशा पिकतो. ‘आपल्याला गाता येत नाही’ असा निष्कर्ष ती मनाशी काढते व पुढील वर्षी नाव देत नाही. दोष तिच्या गळ्याचा नसून ध्वनियोजनेचा होता, हे तिला सांगणारा कोणी नसतो. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे शिक्षकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

गाणारा कानाने गातो

गळ्यातून निघालेला स्वर कान सतत तपासून पाहतो आणि त्याप्रमाणे गळा क्षणोक्षणी सुधारणा करीत जातो. ही तपासणी थांबली की सुधारणाही थांबते. भोवती गोंगाट असला तर माणूस नकळत ओरडून बोलू लागतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये ही गोष्ट दाखवून दिली व तिला त्याचेच नाव मिळाले आहे. गाणाऱ्याचेही असेच होते. आवाज ऐकू येईनासा झाला की तो गळा ताणतो, आणि गळा ताणला की सूर चढतो वा फाटतो.

आपल्याकडील जुन्या कलावंतांनी हे तत्त्व अनुभवाने ओळखले होते. शाहीर पोवाडा गाताना एक हात कानाशी नेतो, ते केवळ ऐट म्हणून नव्हे. तळहाताच्या आडोशाने स्वतःचा आवाज स्वतःच्या कानी पोचतो. झीलकरी त्याच्या लगत उभे राहतात, कारण झील उचलण्यास मूळ ओळ स्पष्ट ऐकू यावी लागते. पंढरपूरच्या वाटेवरील भजनात टाळकरी दोन रांगा करून समोरासमोर उभे राहतात व मृदंग जवळ असतो. प्रत्येकाचा टाळ दुसऱ्याच्या कानावर पडतो, म्हणून शंभर टाळ एकाच ठेक्यात वाजतात. संगीत नाटकांच्या वैभवकाळी ऑर्गन व तबला रंगमंचाच्या पुढ्यातच असत. नटाला साथ थेट ऐकू येई आणि नटाचे पद साथीदारांना. यांपैकी कोणाजवळही यंत्र नव्हते. परंतु गाणाऱ्याच्या कानाची सोय प्रत्येकाने आधी केलेली होती.

यंत्र आल्यावर काय घडले

अमेरिकेत जेन्सन व प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये मोठ्या जनसमुदायासमोर ध्वनिवर्धकाचा उपयोग करून दाखविला. १९२५ मध्ये राइस व केलॉग यांनी ज्या रचनेचा स्पीकर सिद्ध केला, त्याच तत्त्वावर आजचे बहुतेक स्पीकर चालतात. आवाज दूरवर नेण्याचा प्रश्न सुटला; पण त्यातूनच नवा प्रश्न उभा राहिला. श्रोत्यांना सर्व ऐकू येऊ लागले, गाणाऱ्याला मात्र काही ऐकू येईना.

याचे प्रसिद्ध उदाहरण १५ ऑगस्ट १९६५ चे आहे. त्या दिवशी ‘बीटल्स’ हा इंग्रज वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५ हजार श्रोत्यांपुढे गायला. त्या कोलाहलात वादकांना स्वतःचे गाणे व वादन ऐकू येत नव्हते. अशा अनुभवांतून त्या सुमारास गायकाकडे तोंड केलेला स्वतंत्र स्पीकर रंगमंचावर ठेवण्याची पद्धत रूढ होऊ लागली. यालाच ‘मॉनिटर’ म्हणतात. शाळेत मॉनिटर म्हणजे वर्गावर लक्ष ठेवणारा विद्यार्थी. रंगमंचावरील मॉनिटर गाणाऱ्याच्या सुरावर लक्ष ठेवण्यास त्याला साहाय्य करतो.

बार्शीस जन्मलेले शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) यांच्यासारख्या पहाडी आवाजाच्या गायकाची गोष्ट वेगळी. दहा वर्षांच्या मुलाच्या आवाजात ते बळ नसते. म्हणून या साधनाची गरज थोरांपेक्षा मुलांना अधिक आहे.

रंगमंचावर आवाज का हरवतो

श्रोत्यांसाठी ठेवलेल्या स्पीकरची तोंडे प्रेक्षकांकडे असतात आणि मूल त्यांच्या मागे उभे असते. उंच स्वर व व्यंजने स्पीकरच्या तोंडासमोर सरळ जातात; खर्जाचा घुमारा मात्र चहूकडे पसरतो. त्यामुळे मुलाच्या वाट्याला शब्दहीन घुमघुम तेवढी येते.

दुसरे कारण प्रतिध्वनी. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पटांगणाच्या टोकाची भिंत रंगमंचापासून २५ मीटरवर असेल तर आवाज तिथवर जाऊन परत येण्यास ५० मीटर तोडतो, म्हणजे सेकंदाचा सुमारे सातवा भाग घेतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. अर्थात परतणारा आवाज मात्रेच्या पाव हिश्शाहून अधिक मागे पडलेला असतो. मूल या मागाहून आलेल्या आवाजाला धरून गाऊ लागले की लय रेंगाळते. तबला पुढे जातो, गाणे मागे राहते. यात मुलाची चूक नाही. त्याच्या कानी पडले त्याच्याशी ते इमानाने जुळवून घेत असते.

मॉनिटर मुलाच्या जवळच असल्याने त्याचा आवाज प्रतिध्वनीच्या कितीतरी आधी व त्याहून स्पष्ट कानी येतो. हेच त्याचे कार्य होय.

माईक शिट्टी का मारतो

मॉनिटर ठेवला की माईक शिट्टी मारू लागतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो बंद करून ठेवतात. कारण समजले की उपाय सोपा आहे. माईकमध्ये शिरलेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो. तो पुन्हा माईकमध्ये शिरला आणि प्रत्येक फेरीत वाढत गेला की शिट्टी होते. म्हणून स्पीकरचा आवाज माईकमध्ये कमी व मुलाचा आवाज अधिक जाईल, अशी व्यवस्था करावयाची.

यासाठी पहिला उपाय म्हणजे माईक तोंडाजवळ आणणे. माईक वीतभर अंतरावरून अर्ध्या वितीवर आणला तर त्यात शिरणारा आवाजाचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. तेवढीच वाढ यंत्राने मिळवावयाची तर चौपट वॅट लागतात. जे काम ४०० वॅटचा संच करील, ते १०० वॅटचा संच व चार बोटांवर धरलेला माईक करतो. मुलास माईक धरण्यास शिकविण्याला खर्च काहीच येत नाही.

दुसरा उपाय जागेचा. गाण्यासाठी वापरले जाणारे बहुतेक माईक पुढून येणारा आवाज घेतात आणि शेपटीकडून येणारा टाळतात. म्हणून मॉनिटर मुलाच्या समोर, माईकच्या शेपटीच्या रेषेत असावा. काही माईक अधिक अरुंद दिशेचे असतात. त्यांचा बहिरा भाग नेमका शेपटीस नसून तिच्या दोहो अंगांस असतो. तेथे मॉनिटर थोडा बाजूला सरकवावा. मुले माईकची जाळी मुठीत धरतात, ही सवय मोडावी. जाळी झाकली की माईकचा दिशाभेद नाहीसा होतो व शिट्टी हमखास येते.

तिसरा उपाय म्हणजे चालू माईकांची संख्या कमी ठेवणे. समूहगीतातील बारा मुलांना सहा माईक देण्यापेक्षा मुलांस अर्धवर्तुळात उभे करून दोन माईक द्यावेत. गात नसलेल्याचा माईक बंद असावा.

मॉनिटरची निवड

भाड्याने संच ठरविताना अगर लोकवर्गणीतून स्पीकर घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

(१) स्पष्टता. मुलांच्या गळ्याचा मूळ स्वर २०० हर्ट्झच्या खाली क्वचितच जातो आणि शब्दांची स्पष्टता मुख्यतः २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. म्हणून मॉनिटरला मोठ्या खर्जाची गरज नसते. परीक्षा शिक्षकाच्या नित्य सरावातील आहे. संच मंद आवाजावर ठेवून माईकवरून बालभारतीतील दहा शब्द वाचावेत आणि स्पीकरसमोर बसलेल्या मुलांनी ते श्रुतलेखनाप्रमाणे लिहावेत. ‘पाट’ व ‘बाट’, ‘ताल’ व ‘टाळ’ यांत गोंधळ होऊ लागला तर स्पीकर कितीही मोठा असला तरी मॉनिटर म्हणून नापसंत करावा.

(२) आकार. शाळेच्या कामास १० किंवा १२ इंची स्पीकर व त्यासोबत उंच स्वरांसाठी लहान कर्णा असलेली पेटी पुरेशी होते. १५ इंची पेटी जड असते, जागा अडविते, आणि तिचा अधिक खर्ज मुलाच्या उपयोगी पडत नाही. एका शिक्षकास उचलता येईल अशी पेटी घ्यावी.

(३) वॅटचा आकडा. पेटीवर ‘पी.एम.पी.ओ.’ या नावाने छापलेला हजारोंचा आकडा विचारात घेऊ नये. ‘आर.एम.एस.’ म्हणून दिलेला आकडा पाहावा. वॅट दुप्पट झाले तर आवाजात केवळ ३ डेसिबलची, म्हणजे कानाला जेमतेम जाणवणारी वाढ होते. आवाज कानाला दुप्पट वाटण्यास सुमारे दहापट वॅट लागतात. शिवाय एका वॅटवर एक मीटर अंतरावर किती डेसिबल, हाही आकडा पाहावा. ९७ डेसिबलची पेटी १०० वॅटवर जे देते, त्यासाठी ९४ डेसिबलच्या पेटीस २०० वॅट लागतात. जवळच उभ्या असलेल्या मुलासाठी १०० ते २०० वॅटची बरी पेटी भरपूर झाली.

(४) तिरपी बैठक. पेटी जमिनीवर ठेवल्यावर तिचे तोंड वर कानाकडे वळावे, अशी तिची एक बाजू तिरपी असावी. साधी पेटी असल्यास मागच्या बाजूस टेकू देऊन ती पक्की बसवावी.

(५) स्वतंत्र नियंत्रण. मिक्सरवर मॉनिटरची चावी निराळी असावी. श्रोत्यांचा आवाज वाढविला की मॉनिटरही वाढतो अशी जोडणी असेल तर मॉनिटरचा हेतूच निष्फळ होतो. भाड्याचा संच ठरविताना हा प्रश्न आरंभीच विचारावा.

(६) अंतर्गत अ‍ॅम्प्लिफायर. खरेदी करावयाची असल्यास आत अ‍ॅम्प्लिफायर असलेली, माईकची व वाद्याची अशा दोन जोडण्यांची पेटी शाळेस सोयीची. हीच पेटी परिपाठास व बालसभेसही उपयोगी पडते. मॉनिटरची जोडणी तारेनेच करावी. ब्लूटूथने जोडल्यास आवाज दशांश-दोन दशांश सेकंद उशिरा येतो, म्हणजे जो दोष टाळावयाचा तोच पदरी येतो.

गायकाच्या कानात बसविण्याची लहान यंत्रेही आज मिळतात. व्यावसायिक गायक ती वापरतात. परंतु ती महाग असून मुलांच्या कानात बसत नाहीत व चुकीने आवाज वाढल्यास अपाय होतो. प्राथमिक शाळेने त्यांच्या मागे लागू नये.

मांडणी व तालीम

आठ-दहा वर्षांच्या मुलाचा कान जमिनीपासून सव्वा मीटरच्या आतबाहेर असतो, म्हणून पेटी सुमारे एक मीटरवर ठेवावी. थोरांसाठी लावलेली पेटी तशीच ठेवली तर तिचा रोख मुलाच्या डोक्यावरून जातो. बसून भजन म्हणणाऱ्या मुलांसाठी पेटी कमी तिरपी करावी. शिक्षकाने मुलाच्या जागी, मुलाच्या कानाइतक्या उंचीवर आपले डोके आणून पाहावे. पेटीचे तोंड नीट समोर दिसले तर बैठक बरोबर.

मॉनिटरमध्ये सर्व काही घालू नये. एकट्या गायकास स्वतःचा आवाज व पेटीचा सूर द्यावा, तबला बेताचा असावा. समूहगीतात मुलांना एकमेकांचे आवाज तसेही ऐकू येतात. त्यांना पेटी व ठेका तेवढा द्यावा. मुद्रित साथीवर गाणे असल्यास तीच साथ मॉनिटरमध्ये स्पष्ट असावी. ‘इको’ मॉनिटरमध्ये मुळीच नको, कारण त्यामुळे सुराची कड बोथट होते. १०० हर्ट्झखालील खर्ज मिक्सरवर कमी करावा. घुमारा व शिट्टी दोन्ही कमी होतात. रंगमंचावर पत्र्याचे छप्पर असल्यास मागे जाड पडदा अगर सतरंजी टांगावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट तालमीची. ज्या मुलाने माईकवर स्वतःचा आवाज कधी ऐकलेला नाही, त्यास तो प्रथम ऐकताना परका वाटतो. म्हणून निदान एक तालीम संचावर व्हावी. प्रथम मॉनिटर बंद ठेवून श्रोत्यांचा आवाज ठरवावा. नंतर मॉनिटर हळूहळू वाढवीत मुलास विचारावे, ‘तुला तुझा आवाज ऐकू येतो का?’ मुलाने हो म्हटले की तेथेच थांबावे. ऐकू येईनासे झाल्यास हाताने खूण कशी करावयाची, हेही त्याच वेळी ठरवून द्यावे. कार्यक्रमात ती खूण पाहण्यासाठी एका शिक्षकाने संचाजवळ बसावे.

विजेची दक्षता अनिवार्य आहे. पटांगणाची जमीन ओली असते, मुले अनवाणी असतात. तीन पिनांची जोडणी व खात्रीचे अर्थिंग असल्याशिवाय मुलाच्या हाती तारेचा माईक देऊ नये. तारा मुलांच्या वाटेतून नेऊ नयेत. नेणे भाग असल्यास चिकटपट्टीने जमिनीस घट्ट बसवाव्यात.

मर्यादेचे भान

मॉनिटर कानाजवळ असतो, म्हणून त्याचा आवाज मर्यादेतच हवा. कामाच्या ठिकाणी थोरांसाठी मानलेली एक मर्यादा ८५ डेसिबल, आठ तास अशी आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित काळ निम्मा होतो. त्या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ पाव तास उरतो. मुलांच्या बाबतीत याहूनही सावध असावे. मॉनिटरशेजारी उभे राहून दोन माणसांना साध्या आवाजात बोलता आले नाही तर तो जास्त झाला, असे समजावे. श्रोत्यांचा स्पीकर वाढला की मॉनिटर वाढवावा लागतो आणि मॉनिटर वाढला की शिट्टी येते; म्हणून मुळात श्रोत्यांचाच आवाज बेताचा ठेवणे हा सर्वोत्तम मार्ग होय.

कायदाही हेच सांगतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये ध्वनिवर्धकास लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर त्याच्या वापरास मनाई आहे. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ज्या शाळेत हे नियम शिकविले जातात, तिच्याच पटांगणात ते मोडले जाऊ नयेत. संमेलन सायंकाळी लवकर सुरू करून वेळेत संपविल्यास लहान मुलांच्या झोपेचाही खोळंबा होत नाही.

समारोप

गावात संमेलनाची कीर्ती पुष्कळदा स्पीकरच्या भिंतीवरून ठरते. अधिक पेट्या, अधिक धडाका, म्हणजे अधिक थाट, अशी समजूत आहे. लोकवर्गणीतील पैसा मग प्रेक्षकांची छाती हादरविण्यात खर्च होतो आणि ज्याच्यासाठी संमेलन भरविले तो विद्यार्थी त्या धडाक्यामागे चाचपडत राहतो. त्याच पैशातून दोन पेट्या कमी करून एक चांगला मॉनिटर मागविला, तर खर्च न वाढता गाणे सुधारते.

रंगमंचावर उभ्या असलेल्या मुलास आपला आवाज ऐकू आला की त्याचा गळा मोकळा होतो, सूर स्थिर राहतो आणि नजर वर येते. आपला आवाज आपल्याला ऐकू येणे ही आत्मविश्वासाची पहिली पायरी आहे. ती पायरी चढण्यास मुलास हात देणे हे शिक्षकाचे काम असून, संमेलनाच्या रात्री त्यासाठी मुलाच्या पायाशी ठेवलेली एक लहानशी पेटी पुरेशी होते.